पँडोराची पेटी भरली कोणी?

आमच्या सोसायटीच्या गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘ऐनवेळचे विषय’ सुरू झाले तेव्हा एक निवृत्त काका उभे राहिले. गेल्या पाच वर्षांत दुरुस्तीसाठी जमा झालेला पैसा कुठे आणि कसा खर्च झाला, त्याची बिले सभासदांना पाहायला मिळावीत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. हातात चार घड्यांचा कागद होता. स्वतः भरलेल्या पावत्यांची बेरीज त्यांनी त्यावर मांडून आणली होती. समितीतल्या एकाने हसत उत्तर दिले, “काका, आता ती पँडोराची पेटी कशाला उघडता?” पँडोराची पेटी उघडणे म्हणजे झाकलेली संकटे मोकळी सोडणे. सभेत खसखस पिकली. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक वाचनप्रेमी सभासद म्हणाले, “पेटी नव्हेच ती. मूळ ग्रीकमध्ये रांजण आहे, भाषांतरात चूक झाली.” दुसऱ्याने फोनवर शोधून दुजोरा दिला. तिसरा म्हणाला, रूढ झाले तेच बरोबर. पेटी की रांजण यावर वीस मिनिटे गेली, मग चहा आला. काकांनी कागदाची पुन्हा घडी घातली आणि तो खिशात ठेवला.

हा वाद मी नंतरही ठिकठिकाणी ऐकला आहे, आणि दर वेळी तो इथेच येऊन थांबतो. एक बाजू व्युत्पत्ती दाखवते, दुसरी रूढी दाखवते. माझे म्हणणे असे की दोघेही अर्ध्यावर थांबतात. भांडे कोणते, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर रांजण असेच आहे. पण त्या उत्तराच्या पुढे दोन पावले गेले की दिसते, या कथेचा दाखला देऊन कोणालाही “उघडू नका” असे सांगताच येत नाही. कथा तसे सांगत नाही. आपण ती तशी वापरतो, आणि त्यामुळे ज्याने भांडे भरले तो सुटतो, झाकणाला हात लावणारा सापडतो.

मूळ कथा हेसिओडची. इसवी सनापूर्वी 700 च्या सुमारास ग्रीसमधल्या बिओशिया प्रांतात, हेलिकॉन पर्वताच्या पायथ्याशी अस्क्रा नावाच्या खेड्यात हा शेतकरी-कवी राहत होता. हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात जाचक आणि चांगले कधीच नाही, असे आपल्याच गावाचे वर्णन त्याने केले आहे. ‘कामे आणि दिवस’ या त्याच्या काव्यात पँडोरा येते. प्रॉमिथिअसने पोकळ देठात लपवून अग्नी पळवला म्हणून देवांचा राजा झ्यूस संतापला. त्याच्या आज्ञेवरून हेफेस्टसने माती आणि पाणी कालवून एक तरुणी घडवली. अथीनाने तिला नटवले आणि विणकाम शिकवले, ॲफ्रोडायटीने सौंदर्य दिले, हर्मीसने वाणी दिली आणि कावेबाज मनही दिले. सगळ्या देवांनी काही ना काही दिले, म्हणून तिचे नाव पँडोरा. प्रॉमिथिअसने आपल्या भावाला, एपिमीथिअसला, बजावले होते, झ्यूसकडून आलेली भेट घेऊ नकोस, परत पाठव. एपिमीथिअस या नावाचा अर्थच मुळी मागाहून विचार करणारा असा. त्याने ती भेट, म्हणजे पँडोरा, घेतली, आणि संकट पदरात पडल्यावर त्याला ते उमगले. पुढे फक्त एवढेच येते की त्या स्त्रीने दोन्ही हातांनी रांजणाचे मोठे झाकण काढले, दुःखे जगभर पसरली, आणि झ्यूसच्या इच्छेनुसार झाकण परत बसले तेव्हा ‘एल्पिस’, म्हणजे आशा, तेवढी रांजणाच्या काठाखाली राहिली.

या गोष्टीत काय नाही ते पाहा. “हे उघडू नकोस” अशी ताकीद पँडोराला कोणी दिलेली नाही. तिला कुतूहल वाटल्याचा शब्द नाही. रांजण कुठून आला, तो कोणी आणला, हेही हेसिओड सांगत नाही. बजावले गेले होते ते एपिमीथिअसला, आणि ऐकले नाही ते त्याने. तरीही आज ही गोष्ट सांगताना शंभरांतले नव्वद जण सुरुवात करतात ती “उघडू नकोस असं सांगितलेलं असतानाही तिला राहवलं नाही” या वाक्याने. हे वाक्य आले कुठून?

1508 मध्ये इरॅस्मस या डच विद्वानाने म्हणींचा आपला मोठा संग्रह व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशिअसच्या छापखान्यातून काढला. त्यात पँडोराची गोष्ट लॅटिनमध्ये सांगताना त्याने ग्रीक ‘पिथॉस’च्या जागी ‘पिक्सिस’ लिहिले. पिथॉस म्हणजे घरातला मोठा मातीचा रांजण, आणि पिक्सिस म्हणजे हातात मावणारी डबी, बायका प्रसाधने ठेवत ती. डोरा आणि एर्विन पानोफ्स्की या कलेतिहासकार दांपत्याने 1956 मध्ये या घोटाळ्याचा माग काढला. त्यांचे अनुमान असे की इरॅस्मसच्या मनात पँडोराच्या गोष्टीशी सायकीची गोष्ट मिसळली असावी. दुसऱ्या शतकातल्या अपुलेअस या लॅटिन लेखकाच्या कथेत सायकी नावाची तरुणी पाताळातून, तिथली राणी प्रॉसर्पिना हिच्याकडून, एक डबी आणते. तिला ती उघडू नको असे स्पष्ट सांगितलेले असते, तरी ती उघडते आणि गाढ झोपेत कोसळते. म्हणजे डबी सायकीची, ताकीद सायकीला, मोह सायकीचा, आणि बदनामी पँडोराची. भांडे बदलले तसे आरोपपत्रही बदलले, ते असे.

त्याच शतकात, 1550 च्या आसपास, फ्रान्समध्ये जाँ कुझाँ या चित्रकाराने एक निर्वस्त्र स्त्री रंगवली. तिची कोपर कवटीवर टेकलेली आहे, दुसरा हात कलशावर आहे. चित्रातच वर पाटी आहे: ‘ईव्ह, पहिली पँडोरा’. हे चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. फळ खाणारी आणि झाकण उघडणारी अशी दोघींची मोट बांधली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्नने मुलांसाठी ही गोष्ट नव्याने सांगितली, तीत पँडोरा ही पेटीत काय आहे याने झुरणारी लहान मुलगी झाली. आपल्याकडे इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून आली ती या घराण्यातली पँडोरा.

आता रांजणाकडे येतो. पेटी म्हणा नाहीतर रांजण, अर्थ तोच, असे जे म्हणतात त्यांनी पिथॉस एकदा डोळ्यांसमोर आणावा. क्रीटमधल्या नॉसॉसच्या राजवाड्यात सापडलेल्या पिथॉसांपैकी काही माणसाच्या उंचीचे आहेत, हलवायचे तर दोर ओवता यावेत म्हणून अंगावर कानांच्या रांगा. घरोघरी त्यात धान्य, तेल, वाइन भरून ठेवत, पुष्कळदा तळ जमिनीत पुरलेला असे. हे गुपित दडवायचे भांडे नव्हे, वर्षभराची बेगमी आहे. ते उघडणे हा गुन्हा असेल तर रोजचा स्वयंपाकही गुन्हा ठरेल. अथेन्समध्ये तर वसंताच्या सणाचा पहिला दिवसच ‘पिथॉइगिया’, रांजण उघडण्याचा दिवस. हेसिओडनेच पुढे संसाराचा सल्ला दिला आहे: रांजण उघडताना आणि संपत येताना हात सैल सोड, मधल्या काळात जपून वापर, तळाशी गेल्यावर काटकसर करून उपयोग नाही. हा बोलणारा माणूस कोठी सांभाळणारा आहे. त्याच्या काव्यात पँडोराची गोष्ट येते तीच मुळी “देवांनी माणसांपासून उपजीविका लपवून ठेवली आहे” या तक्रारीने. नाहीतर एका दिवसाच्या कामात वर्षाचे भागले असते, असे तो म्हणतो. म्हणजे प्रश्न असा होता की घाम गाळूनही कोठी रिकामी का? ज्या रांजणात धान्य हवे त्यात दुखणी का भरलेली निघाली?

आपल्या भाषेत या प्रतिमेचे सख्खे भावंड आहे. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो: रोगांचे पेव फुटले, क्लासचे पेव फुटले. पेव म्हणजे जमिनीखालचे धान्याचे कोठार. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे होती, त्यांची ख्याती दूरवर होती. पेव उघडायची रीत ज्यांना माहीत आहे ते झाकण काढल्याबरोबर आत उतरत नाहीत. कोंदलेली हवा जिवावर बेतू शकते, म्हणून तोंड उघडे ठेवून थांबतात, पेटता कंदील खाली सोडून तो विझतो का ते पाहतात, मग माणूस उतरतो. पेवात विषारी हवा साठली म्हणून कोणी पेव कायमचे बुजवून टाका असे म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. धान्य आत असते, आणि ते खायला लागते.

माझ्या विरोधात तीन गोष्टी म्हणता येतील, आणि तिन्हीत तथ्य आहे. पहिली: वाक्प्रचाराचा अर्थ त्याच्या जन्मकथेवरून ठरत नसतो, वापरावरून ठरतो. ‘द्राविडी प्राणायाम’ म्हणताना कोणी नाक धरत नाही, ‘अठराविश्वे दारिद्र्य’ म्हणताना अठरा गुणिले वीस करून वर्षाचे दिवस मोजत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ डायोजिनीसही पिंपात राहत नव्हता, तो अथेन्समध्ये असल्याच एका पिथॉसात राहत होता, पण पिंप म्हटल्याने कोणाचे काही अडलेले नाही. मान्य. म्हणून ‘पेटी’ हा शब्द टाका असे मी म्हणत नाही, तो पाचशे वर्षे जुना आहे आणि राहील. पण ‘द्राविडी प्राणायाम’ हे केवळ वर्णन आहे. “पँडोराची पेटी उघडू नका” हा सल्ला आहे, आणि सल्ल्यामागे एक दावा आहे: प्राचीन शहाणपण सांगते की झाकण ठेवलेले बरे. शहाणपणाचा हवाला दिला की तो तपासायचा हक्क ऐकणाऱ्याला मिळतो.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. हेसिओड काही पँडोराचा वकील नव्हे. तो स्त्रियांविषयी कडवट आहे, स्त्री म्हणजे पुरुषाच्या कष्टावर बसून खाणारी, अशी भाषा त्याने केली आहे. ‘थिऑगनी’ या दुसऱ्या काव्यात तर रांजण नाहीच, तिथे पहिली स्त्री हीच शिक्षा. आणि पँडोराने झाकण काढले त्या ओळीनंतर तो म्हणतो, तिने माणसांसाठी दुःखे ‘योजली’. हा शब्द मला टाळता येणार नाही, टाळायचाही नाही. मुळाकडे गेल्याने स्त्रीद्वेष धुतला जातो असे सांगणारे लोक मूळ वाचत नाहीत. तरीही कटाचा आरोप आणि कुतूहलाचा आरोप यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आणि हा कट कोणाचा, हेही हेसिओडने लपवलेले नाही. तरुणी घडवायचा हुकूम झ्यूसचा, तिच्या मनात कावा घातला तो झ्यूसच्या सांगण्यावरून, तिला पाठवले झ्यूसने. आणि कथेचे शेवटचे वाक्य असे आहे की झ्यूसच्या मनसुब्यातून सुटका नाही. पँडोराला स्वतःचे असे काही दिलेच नव्हते तर तिची योजना तिची कशी?

शिवाय ग्रीकांपाशी ही एकच पँडोरा नव्हती. ब्रिटिश म्युझियममध्ये पाचव्या शतकातला, म्हणजे इसवी सनापूर्वी 460 च्या सुमाराचा, एक पांढऱ्या लेपाचा प्याला आहे. अथीना आणि हेफेस्टस तिला सजवत आहेत, आणि तिच्याजवळ नाव लिहिले आहे ‘अनेसिदोरा’, म्हणजे जमिनीतून देणग्या वर पाठवणारी. तिथे रांजण नाही, लाजिरवाणे काही नाही. सगळे काही देणारी भूमी, असा ‘पँडोरा’ या नावाचा अर्थही त्या समाजात नांदत होता. बाब्रिअस या बोधकथाकाराच्या एका कथेत रांजणात चांगल्या गोष्टीच भरलेल्या आहेत, आणि झाकण उघडतो तो अधीर ‘माणूस’, बाईचे नाव नाही. इतक्या आवृत्त्यांतून नेमकी बाईच्या उतावीळपणाचीच आवृत्ती टिकली, कारण ती अनेकांच्या सोयीची होती. 1881 मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रे स्त्रियांच्या चारित्र्यावर तुटून पडली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विचारले ते हेच: जे दोष तुम्ही बाईच्या माथी मारता ते पुरुषांच्या अंगी नाहीत काय? विधवेला पुनर्विवाह नाकारणारा रिवाज कोणी घातला, हे त्या गदारोळात किती जणांनी विचारले होते?

तिसरी हरकत सगळ्यांत वजनदार. काही भांडी खरोखरच उघडू नयेत. 1977 मध्ये सोमालियात देवी या रोगाचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण सापडला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये वैद्यकीय महाविद्यालयात काम करणारी एक छायाचित्रकार देवीनेच मेली. त्याच इमारतीतल्या प्रयोगशाळेत हा विषाणू ठेवलेला होता. आज तो अधिकृतपणे जगात दोनच ठिकाणी आहे, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोवोला. तिथे “झाकण नीट ठेवा” म्हणणारा माणूस भित्रा नाही, जबाबदार आहे. पण हे उदाहरण माझ्या मते माझीच बाजू मजबूत करते. त्या कुपीत काय आहे, ते कोणी ठेवले, किल्ली कोणाकडे, हे सगळे नोंदलेले आणि तपासले जाणारे आहे. विषाणू कुपीत असेपर्यंत कोणाला चावत नाही, म्हणून झाकणाला अर्थ आहे. आमच्या सोसायटीच्या हिशेबाचे, गावच्या जमिनीच्या जुन्या फेरफारांचे, एखाद्या संस्थेत दाबलेल्या तक्रारीचे तसे नसते. तिथे नुकसान केव्हाच बाहेर पडलेले असते, कोणीतरी ते रोज भोगत असते. फक्त त्याला आवाज नसतो. हेसिओडची एक ओळ इथे अंगावर येते: रोग दिवसा आणि रात्री आपणहून, गुपचूप माणसांकडे येतात, कारण झ्यूसने त्यांची वाचा काढून घेतली. झाकण लावल्याने ते आत जात नाहीत. आपल्याकडे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हेही आपणच म्हणतो.

ऑक्टोबर 2021 मध्ये ‘पँडोरा पेपर्स’ बाहेर आले. 1 कोटी 19 लाख कागदपत्रे, 117 देशांतल्या सहाशेहून जास्त पत्रकारांनी मिळून वाचलेली. करचुकवेगिरीला सोयीच्या बेटांवर कोणाकोणाच्या कंपन्या आणि न्यास आहेत ते त्यात होते. नाव योग्य होते की नाही यावर तेव्हाही चर्चा झाली. पण एक गोष्ट साफ होती: त्या कागदांतली एकही कंपनी पत्रकारांनी काढलेली नव्हती. रांजण वर्षानुवर्षे भरला जात होता. झाकण काढणाऱ्यांना पँडोरा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, मग तिच्याबद्दल चार शब्द चांगले बोलायला शिका.

राहता राहिली एल्पिस. दुःखांच्या रांजणात आशा काय करत होती, यावर जुन्या काळापासून डोकी शिणली आहेत. रांजण तुरुंग मानला तर आशा माणसाला मिळालीच नाही, कोठी मानली तर ती आपल्यासाठी राखून ठेवली आहे. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे म्हणाला, आशा हेच सर्वांत वाईट दुःख, कारण ती यातना लांबवते. ग्रीक शब्दात पुढे बरे-वाईट काय होईल याची अपेक्षा, दोन्ही येते. आळशी माणूस पोकळ आशेवर बसतो, असे हेसिओडच म्हणतो. आपल्या सुभाषितकाराने तर तिला साखळीच म्हटले: ‘आशा नाम मनुष्याणां काचिदाश्चर्यशृङ्खला’, बांधलेले धावतात आणि सुटलेले पांगळ्यासारखे बसून राहतात. मला कोठीचा अर्थ पटतो, कारण भांडे कोठीचे आहे. घरातल्या रांजणात उरते ते घरच्यांचे असते. पण कुठलाही अर्थ घ्या, एक गोष्ट बदलत नाही: कथेनुसार रांजण एकदा उघडून झालेला आहे. आपण सगळे त्यानंतरच्या जगात जन्मलो. आज कोणी जाऊन ते झाकण पुन्हा काढले तर बाहेर यायला आत दुसरे काहीही नाही, एल्पिसच आहे. मग “उघडू नका” म्हणणारा नेमके काय कोंडून ठेवायला सांगतो?

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मला सगळ्यांत जवळची वाटते. हेसिओडने हे काव्य लिहिले ते भावासाठी, पर्सीससाठी. वडिलांच्या मालमत्तेची वाटणी झाली होती, भावाने जास्तीचा वाटा उचलला होता, आणि निवाडा देणाऱ्या सरदारांना त्याने खूश केले होते. हेसिओड त्यांना ‘भेटी गिळणारे’ म्हणतो. चल, आपला तंटा सरळ न्यायाने सोडवू, असे तो भावाला सांगतो, आणि त्यानंतर पाच-सहा ओळींत देवांनी लपवलेल्या उपजीविकेची आणि पँडोराची गोष्ट सुरू होते. म्हणजे ज्या काव्यातून आपण “झाले गेले उकरू नका” हा धडा काढला, ते काव्य उभे आहे एका माणसाच्या “हिशेब पुन्हा मांडा” या मागणीवर.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 हा कायदा सभासदाला संस्थेची कागदपत्रे पाहण्याचा हक्क देतो, त्यासाठी हेसिओडची गरज नाही. यंदाच्या सभेची नोटीस अजून निघायची आहे. दुरुस्ती खर्चाची बिले हा विषय ऐनवेळी न ठेवता विषयपत्रिकेवर घ्यावा, असे पत्र आम्ही नऊ सभासदांनी दिले आहे. पहिली सही काकांची. पत्राला त्यांनी तोच कागद जोडला, घड्यांवर फाटत आला होता म्हणून मागून चिकटपट्टी लावून.